कमरेच्या उंचीवरून

भेटवस्तूंच्या वार्षिक स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले, तेव्हा वाटलं होतं, छान छान वस्तू बघायच्या आणि गुण द्यायचे. पण तिथला नियम असा, की प्रत्येक वस्तू खोक्यात भरून कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकायची. कुरिअरवाले याहून वाईट आपटतात, असं आयोजक म्हणाले.

पहिला काचेचा मोर मी बरोबर कमरेच्या उंचीवरून, जपूनच टाकला. आठव्या खोक्यापर्यंत हात डोक्याच्या वर गेला होता. आत चुरा झाल्याचा आवाज आला आणि मला बरं वाटलं. लाज वाटते, पण खरं आहे. आजवर हसून घेतलेल्या सगळ्या फुलदाण्या, नकोशा माणसांनी दिलेली सगळी घड्याळं मी त्या दिवशी फोडत होते.

मग बांगड्यांच्या काचेचा दिवा आला. तो घडवणाऱ्या बाई समोरच उभ्या होत्या. मी खोकं आपटलं आणि उघडून पाहिलं.

"फुटला," मी म्हणाले.

"वाढला म्हणा, ताई. बांगडीची काच आहे."

बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे मलाही लहानपणी शिकवलेलं. तुटण्यासाठी आपण किती मायेचा शब्द ठेवलाय. तोडणाऱ्या हातासाठी मात्र एकही नाही.

बाईंनी तुकडे पदरात गोळा केले आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "नियम कमरेचा होता ना, ताई?"