आतल्या बाजूचा दर

“कपडा उलटा केल्याशिवाय मी दर सांगत नाही.”

तिचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाईत होतो. ऑफिसच्या कोटाला कोपरावर भोक पडलं होतं, वर चौथ्या मजल्यावर माझ्या खिडकीपुढे रांग लागली असणार होती, आणि ही बाई माझा कोट उलटा करून अस्तरावरून बोटं फिरवत बसली होती. मी म्हटलं, भोक तर बाहेरून दिसतंय. त्यावर तिने ते वाक्य उच्चारलं आणि चष्मा वर सरकवला. चष्म्याला काड्या नव्हत्या; इलॅस्टिकची पट्टी डोक्यामागे बांधलेली होती. मग तिने आतल्या खिशाची शिवण दिव्याखाली धरली. तो खिसा मी स्वतःच शिवला होता, फायली बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याने.

संध्याकाळी कोट घ्यायला गेलो तर भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. आतल्या खिशाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. पेन्सिलीने लिहिलं होतं: चाळीस.

आमची इमारत सहा मजल्यांची, सगळी ऑफिसंच. तळमजल्यावर जिन्याखाली पूर्वी विजेचे मीटर होते, ते बाहेर हलवल्यावर जो कोपरा उरला त्यात ती बावीस वर्षं बसत होती. एक टेबल, मान वाकवलेला दिवा, सुयांची उशी, पैशांचा डबा. तिला सगळे रफूवाली बाई म्हणत. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरी राहायची. भाऊ म्हणायचा, गावाचे कपडे नीट करते आणि आमच्या घरात सगळे फाटके फिरतात. तरुणपणी ती कापडाच्या गिरणीत होती. मागावरून उतरलेल्या कापडात चुकलेला धागा शोधायचा आणि सुईने दुरुस्त करायचा, असं तिथलं काम. डोळ्यांना दिसण्याआधी चूक बोटांना कळते, असं ती सांगायची. गिरणी बंद झाली तेव्हा बाकीच्या बायका मिळेल त्या कामाला गेल्या. हिने सुया उचलल्या आणि जिन्याखाली येऊन बसली.

दुकानातला धागा ती वापरत नसे. कितीही जुळता आणला तरी उन्हात उघडा पडतो, म्हणायची. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून, जिथे कापड थोडं जास्त दुमडलेलं असतं तिथून, ती एकेक धागा ओढून काढायची आणि त्यानेच भोक विणायची. त्यासाठी कपडा उलटा करावाच लागे. पण उलटा केला की बाकीचंही दिसे. कॉलर काढून फिरवून लावली आहे का, अस्तर कशाचं जोडलं आहे, बटण शिंप्याने लावलं की घरी कुणीतरी. हे सगळं पाहून ती आकडा लिहायची आणि चिठ्ठी आत टाचायची. तोंडाने आकडा कधी उच्चारायची नाही. आपण चिठ्ठी वाचायची, पैसे टेबलाखालून द्यायचे, ती टेबलाखालूनच सुट्टे परत करायची. कुणाला कितीला पडलं हे शेजारी उभ्या माणसालाही कळत नसे.

आमचा लिफ्टमन सांगायचा, ताईचे दोनच दर आहेत, लिफ्टने येणाऱ्याचा एक आणि जिन्याने येणाऱ्याचा एक. मग स्वतःच हसायचा आणि म्हणायचा, जाऊ दे, झाकली मूठ आहे.

मी लिफ्टने जाणाऱ्यांपैकी होतो. आणि माझ्या खिशात रोख पैसे नसत.

ही सवय का लागली ते मला नक्की आठवतं. पूर्वी महिन्याच्या वीस तारखेला पाकीट हातात घेतलं की त्याची जाडी कळायची आणि मी ते घाईने परत खिशात घालायचो. कार्डाचं तसं नाही. ते एक तारखेला जेवढं जाड, तेवढंच तीस तारखेला. ते मशीनवर टेकवलं की एक बारीक आवाज होतो, समोरचा मान हलवतो, आणि आपण कुणीतरी बरे गृहस्थ आहोत असं दोन मिनिटं वाटत राहतं. फ्रिज, मुलीच्या वर्गाची फी, बायकोचे दात, सगळं मी त्या आवाजावर केलं होतं. घरातल्या प्रत्येक वस्तूचे पैसे दिलेले होते आणि एकाही वस्तूचे फिटलेले नव्हते.

चार वर्षांत तिच्याकडे तो कोट पाच-सहा वेळा गेला. तीनदा मला म्हणावं लागलं, बाई, सुट्टे नाहीत, उद्या देतो. ती म्हणायची, द्या. एवढंच. तिसऱ्या वेळी ते ‘द्या’ मला टोचलं. मी म्हटलं, बाई, आता कार्डाचं मशीन घ्या, जग कुठे गेलं. बँकेचा फॉर्म मीच भरला, तिच्याबरोबर रांगेत मीच उभा राहिलो. त्या रांगेत ती म्हणाली, “भाऊ, कार्डवाल्याला आपली शेवटची नोट कधी दिसतच नाही.” जुन्या माणसाची भीती समजून मी हसलो. बायकोलाही रात्री कौतुकाने सांगितलं, आज एक चांगलं काम केलं.

मशीन आलं. सुयांच्या उशीशेजारी बसलं. चिठ्ठीवरचा आकडा ती करंगळीच्या नखाने दाबायची, आणि मशीनमधून पावती यायची. चिठ्ठी तरीही टाचायचीच. मी एकदा म्हटलं, आता चिठ्ठी कशाला. ती म्हणाली, सवय.

मग आमच्या ऑफिसात एक परिपत्रक निघालं. खिडकीवर बसणाऱ्या सगळ्या कारकुनांना एकाच शिंप्याने शिवलेला एकसारखा करडा कोट असतो. त्याच्या दुरुस्तीचा खर्च ऑफिस देणार होतं, फक्त छापील पावती जोडायची. पूर्वी पेन्सिलीची चिठ्ठी कुणी चालवून घेतली नसती. आता पावत्या होत्या, माझ्या कृपेने.

महिनाअखेर सगळ्या पावत्या हेडक्लार्कच्या टेबलावर जमल्या. हा गृहस्थ वाईट नव्हता, पण स्वतःच्या सहीखालीसुद्धा पट्टी ठेवून रेघ मारायचा. दुपारी डबे उघडले होते तेव्हा त्याने दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला बोलावलं.

“हे माझं कोपर, एकशे वीस. हे तुझं कोपर, चाळीस. कोट तोच, भोक तेवढंच. बाई नात्यातली आहे का रे तुझ्या?”

सगळे हसले. टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं की नात्यातली कशाला, गरीब दिसला असेल बिचारा. त्यावर आणखी हशा झाला. मीही हसलो, सगळ्यांत जास्त वेळ मीच हसत होतो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी कोट उलटा केला आणि तिने वाचला असेल तसा वाचून पाहिला. पांढऱ्या दोऱ्याचा खिसा. काखेत अस्तराला जोडलेला बायकोच्या जुन्या ब्लाउजचा तुकडा. तीन बटणं काळी, एक तपकिरी, तेही आतल्या बाजूने आगपेटीच्या काडीवर गुंडाळून पक्कं केलेलं. बायकोने विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही.

चार वर्षं तिला ठाऊक होतं. बँकेच्या रांगेत मी जगाच्या गोष्टी सांगत होतो तेव्हाही ठाऊक होतं. माझं कार्ड हातात घेताना ती काय पाहत असेल, हे डोक्यात आलं आणि कान तापले. तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, याबद्दल आभार मानावेत इतकं मोठं मन माझं नव्हतं. उलट वाटलं, कुणी मागितले होते हिचे उपकार?

इमारतीच्या कमिटीचा चिटणीस मी होतो, अध्यक्ष हेडक्लार्क. पुढच्या बैठकीत विषय मीच काढला. तळमजल्यावरच्या रफूकामाचे दर ठरावीक असावेत आणि फलकावर लावावेत. सगळ्यांना एकच न्याय, असं मी म्हणालो, आणि हे बोलताना माझा आवाज इतका स्वच्छ होता की मला स्वतःलाही ते खरं वाटलं. अध्यक्ष खूश झाले. कोपराला ऐंशी. एकशे वीस आणि चाळीस यांच्या बरोबर मधला आकडा. तोही मीच सुचवला. माझं अक्षर चांगलं म्हणून फलकही मीच रंगवला. बँकेचा फॉर्म माझ्याच हाताने भरलेला, म्हणजे ते अक्षर ती ओळखत होती. फलक लावला तेव्हा तिने तो एकदा वाचला, मग दिवा थोडा खाली ओढला आणि काम करत राहिली.

फलकाबद्दल तक्रार कुणी केली नाही. कशी करणार? ज्याला वीसमध्ये काम करून मिळत होतं, त्याने ते सांगायचं म्हणजे आपल्याला वीसच का लागायचे तेही सांगायचं. माणसं फक्त येईनाशी झाली. तिसऱ्या मजल्यावर टायपिंग शिकायला येणारा एक विद्यार्थी फाटलेल्या गुडघ्यावर वही धरून जिना चढू लागला. जिना झाडणाऱ्या बाईच्या स्वेटरला खांद्यावर भोक होतं. आधी त्यातून बोट गेलं असतं, नंतर मूठ. ती वाकून झाडायची आणि मी बाजूने वर जायचो. पूर्वी मला तिचा स्वेटर कधी दिसलाही नव्हता.

एके दिवशी त्या स्वेटरचा खांदा नीट झालेला दिसला, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं. हेडक्लार्कने तिच्याकडून मशीनचा महिन्याचा हिशेब मागवला होता. फलकावर ऐंशी आणि पावत्यांवर वीस, पंधरा, एका ठिकाणी पाच. बाई फलकाखाली बसून आपल्याच दराने काम करत होती. रोख घेतले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तिने मला विचारलं होतं, मशीन घेतल्यावर सगळं त्यातूनच घ्यायचं असतं का, आणि मी म्हटलं होतं, हो, नियम आहे. जे कार्ड बाळगत नव्हते त्यांचे पैसे ती स्वतःच्या कार्डाने मशीनमध्ये भरत होती, पावती निघावी म्हणून.

त्यावरून कमिटीची बैठक ठरली, तिच्या आदल्या दिवशी मी खाली गेलो. माझं मन मला खात होतं, आणि ते तिच्यापुढे दिसू नये म्हणून मी सल्ला द्यायला गेलो. सांगितलं की उद्या तुम्हाला बोलावतील, सवलत कुणाकुणाला ते विचारतील, सरळ नावं सांगून टाका, जागा वाचेल. ती धागा ओढत होती. धागा पूर्ण निघेपर्यंत थांबली.

“नावं सांगायची असती, तर चिठ्ठी आत कशाला टाचली असती, भाऊ?”

मी विचारायला हवं होतं, फलक कुणी मागितला हे तुम्हाला कळलंय का. विचारलं नाही. ती माझ्या कोटाकडे पाहत होती, म्हणजे कोपराकडे. म्हणाली, पुन्हा विरायला लागलंय, एक-दोन महिन्यांत घेऊन या.

बैठक वरच्या मजल्यावर होती. आम्ही चौघं खुर्च्यांवर, तिला स्टूल. तिने सुयांची पिशवी मांडीवर घेतली होती. हेडक्लार्क सौम्यपणे बोलला, ते मला कबूल केलं पाहिजे. कमिटी काही दगड नाही, म्हणाला. गरजूंना सवलत द्यायला आमची ना नाही, फक्त ती कागदावर हवी. नाव, मजला, कारण. यादी मंजूर झाली की फलकही राहील आणि सवलतही. यादी द्यायची नसेल तर फलकाप्रमाणे घ्या, आणि तेही जमत नसेल तर जागा मोकळी करा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लिहून घे. सांगा बाई, पहिलं नाव.”

मी कागदावर ‘१’ लिहिलं आणि पुढे टिंब दिलं.

खोलीत पंख्याचा आवाज होता. माझं कोपर टेबलावर होतं, तिने भरलेल्या जागेवर टेकलेलं. पहिलं नाव कोणाचं हे त्या खोलीत दोघांना नक्की ठाऊक होतं. माझ्याकडे चार शब्द होते: पहिलं नाव माझं लिहा. एवढे शब्द उच्चारले असते तर दुसरं नाव मागायची लाज त्या तिघांना वाटली असती, निदान मला तसं वाटतं. बोलायला म्हणून मी पेन उचललं. मग दुपारचे डबे डोळ्यांपुढे आले, टेबलाच्या टोकाकडचा तो आवाज, तो हशा. मी टिंब पुन्हा एकदा गिरवलं.

“सोपं आहे हो,” हेडक्लार्क म्हणाला.

ती माझ्याकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर मी मान खाली घातली असती आणि तेवढ्यावर सुटलो असतो. कोट पहिल्यांदा दिव्याखाली धरला होता तेव्हा पाहिलं होतं तसंच ती पाहत होती, शांतपणे, आतल्या शिवणीवरून बोट फिरवल्यासारखं. मला वाटलं, आता सांगेल. खरं म्हणजे, आता सांगावंच तिने, असंही वाटलं.

ती उठली. स्टूल जिथून आणलं होतं तिथे भिंतीला लावून ठेवलं. पिशवीत हात घालून मशीन बाहेर काढलं, वायर त्याच्याभोवती नीट गुंडाळली, आणि ते माझ्या कागदावर, त्या एकच्या आकड्यावर ठेवलं. मग दार उघडलं आणि बाहेर गेली.