शनिवारचा ग्राफ

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका छोट्या तपासणी केंद्रात मी एकोणीस वर्षं ईसीजी काढते आहे. शर्ट काढा, घड्याळ काढा, सरळ झोपा, हलू नका, बोलू नका. दिवसातून पंचवीस-तीस वेळा हीच वाक्यं. माणूस आत आला की त्याचा चेहरा बघायच्या आधी मी त्याची छाती बघते, सवयच झाली आहे. त्यामुळे नवऱ्यानं सायकलसाठी छातीला बांधायचा पट्टा आणला, तेव्हा मला हसू आलं होतं. म्हटलं, घरात मी असताना तुला ठोके मोजायला मशीन लागतं होय?

त्याची साखर काठावर आली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि ह्यानं सायकल घेतली. अंबरनाथच्या आमच्या घरातून पहाटे निघायचा, बदलापूरपर्यंत जीव खाऊन पायडल मारायचा आणि तसाच परत. लालबुंद होऊन यायचा, सोफ्याच्या कडेला बसायचा, पोहे समोर ठेवले तरी हात लावायचा नाही. मग आंघोळ करून एमआयडीसीत ड्युटीला. वर्षभर हे चाललं. वेग मात्र होता तिथेच होता.

मग सायकलवाल्यांच्या रविवारच्या ग्रुपमध्ये त्याला ती भेटली. कॅम्प चारचीच, सिंधी, चाळिशीची. नवरा-बायको मिळून जीन्स शिवायचं वर्कशॉप चालवतात. सायकल आठ-नऊ वर्षांपासून. तिनं म्हणे ह्याच्या मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघितले आणि म्हणाली, "रोज दीडशे? रोज सेम? फिर बॉडी शिकणार काय?"

हे वाक्य मला नाश्त्याला तीनदा ऐकायला मिळालं.

तिनं त्याला आठवड्याचा कार्यक्रम आखून दिला. मंगळवार आणि गुरुवार इंटरव्हल. चार मिनिटं जोरात, ठोके एकशे साठच्या वर जातील इतकं, मग तीन मिनिटं अगदी सावकाश, असं पाच वेळा. बाकीचे दिवस हळू. शनिवारी दोन तास, तेसुद्धा हळू. जोराचा दिवस खरंच जोराचा व्हायचा असेल तर हळूचा दिवस खरंच हळू पाहिजे, असं तिचं म्हणणं. नवरा तिचं म्हणणं मला अशा चेहऱ्यानं समजावून सांगायचा की जणू मी हृदयाबद्दल पहिल्यांदाच ऐकते आहे.

"हळू म्हणजे किती हळू?" मी विचारलं.

"बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्यं. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. सोपी टेस्ट आहे."

"म्हणजे तुम्ही दोघं शनिवारी दोन तास बोलता?"

"बोलतो काहीबाही."

मी भाजीला फोडणी घालत होते. मोहरी करपली. बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी सलग दोन तास कधी बोलला होता, ते आठवायचा मी प्रयत्न केला. मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी एकदा. पण तेव्हा आम्ही भांडत होतो.

रस्त्यात काही झालं तर कळावं म्हणून त्यानंच त्याचं सायकलचं ॲप माझ्या फोनवर टाकून दिलं होतं. पहिले काही महिने मी ते उघडलंही नाही. आता उघडू लागले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, डबा खाताना, रिक्षात. मंगळवारचा ग्राफ म्हणजे कंगवा, पाच दात, दर दात एकशे साठच्या वर. शनिवारचा म्हणजे एकशे बावीस, एकशे चोवीस अशी सपाट रेघ. आणि त्या राइडच्या खाली तिचंही नाव, कारण दोघं बरोबर गेलेले. नावावर बोट ठेवलं की तिचा ग्राफ उघडायचा. तिचे ठोके त्याच वेगाला एकशे आठ. मला त्या आकड्याचाही राग आला. मी जिने चढते तेव्हा माझे एकशे तीस होतात.

मी दोन्ही ग्राफ शेजारी लावून बघायचे. कुठे थांबले, किती वेळ थांबले. बदलापूरच्या पुढे चहाला बारा मिनिटं. बारा मिनिटं चहाला लागतात का? मी घरी घड्याळ लावून चहा प्यायले. सहा मिनिटं लागली.

मग जुलैमधल्या एका शनिवारी मला ते दिसलं. बदलापूरच्या पुढे चामटोलीजवळ, सपाट रस्त्यावर, त्याचा वेग एकदम कमी झाला होता आणि ठोके एकशे बावीसवरून एकशे बेचाळीसवर गेले होते. वेग कमी होतो तेव्हा ठोके खाली यायला हवेत. तिचे आलेही होते. ह्याचे वर गेले, चार-पाच मिनिटं वरच राहिले आणि मग हळूहळू उतरले. तो रस्ता मला माहीत आहे, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, एक चढ नाही. असं काय झालं असेल तिथे? मला एकच उत्तर सुचत होतं आणि ते मी दिवसभर चघळत राहिले. त्या दिवशी एका पेशंटच्या छातीवरच्या दोन वायरी मी उलटसुलट लावल्या. डॉक्टरांनी बोलावून दाखवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

रात्री जेवताना विचारलं, "चामटोलीला काय झालं होतं आज?"

"कुठे काय?"

"तुझे ठोके वाढले होते. वेग कमी आणि ठोके जास्त."

तो वरणाची वाटी फिरवत राहिला. "कुत्रा मागे लागला होता."

"कुत्रा मागे लागल्यावर कोणी वेग कमी करतं?"

तो उठला आणि हात धुवायला गेला.

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली. तो निघाल्यावर पंधरा मिनिटांनी स्कूटर काढली. बदलापूर ओलांडेपर्यंत सारखं वाटत होतं की परत फिरावं. या वयात नवऱ्याच्या मागे स्कूटरवरून, तेही रेनकोट घालून. पण नाही फिरले. चामटोलीच्या पुढे जो लांबट चढ आहे तिथे ती दोघं दिसली. तो चढावर होता, मान खाली घालून, खांदे हलत होते. ती खाली, पायथ्याशी एक पाय टेकवून उभी होती आणि घड्याळाकडे बघत ओरडत होती, "और एक मिनट! बसायचं नाही! बसायचं नाही!"

मी पोहोचले तेव्हा तिनं हेल्मेटखालून माझ्याकडे बघितलं आणि लगेच ओळखलं, त्याच्या फोनवरच्या फोटोवरून असेल. "भाभी? अरे वा, अच्छा हुआ तुम्ही आल्या!" आणि मला काही बोलायची संधी न देता हातात मोबाईल दिला. "टाइम तुम्ही बघा. चार मिनिटं झाली की आवाज द्या. मग मी पण मारते एक."

नवरा वरून फिरून खाली आला, मला बघितलं, त्याला बोलायला श्वासच नव्हता. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा वळला. मी तिथे उभी राहून नवऱ्याला चार-चार मिनिटं मोजून देत होते. मनात काय काय योजून आले होते आणि करत काय होते.

त्याचा चौथा चालू असताना ती माझ्याजवळ पाणी प्यायला थांबली. केस चिकटलेले, नाकाला ऊन लागून साल निघालेली. सुंदर वगैरे नव्हती. मला ते बघून बरं वाटलं आणि पुढच्याच क्षणाला ते बरं वाटणं संपलं, कारण ती म्हणाली, "आता डर कमी झालाय त्याचा. आधी एकशे पन्नासच्या वर जायला पण घाबरायचा. त्याच्या बाबांचं तुम्हाला तर माहीतच आहे."

मी म्हटलं, "हो."

"सतरा वर्षांचा मुलगा, भाभी. बाप म्हणतो छातीत दुखतंय, आईला बोलू नको, ॲसिडिटी आहे. तो नाही बोलला. आणि संध्याकाळी बाप गेला. इतकी वर्षं घेऊन फिरतोय. त्या दिवशी चामटोलीला सांगता सांगता इतना रोया, मला सायकल थांबवायची होती, तो म्हणाला नको, चालत राहू दे."

"हो," मी पुन्हा म्हटलं. "माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. सासरे हार्टनं गेले, एकोणपन्नासाव्या वर्षी, हे लग्नाआधी सांगितलं होतं. भिंतीवर फोटो आहे, दर वर्षी हार घालतो. त्या दिवशी सकाळी काय झालं होतं, ते मला माझ्या नवऱ्यानं कधीच सांगितलं नव्हतं. आणि येत्या डिसेंबरात त्यालाही एकोणपन्नासावं लागणार होतं.

येताना मी स्कूटर एका बाजूला लावून रडले. खरं सांगायचं तर सासऱ्यांसाठी नाही, त्याच्यासाठीही नाही. तिचं आणि त्याचं काही लफडं असतं तर मी भांडले असते, आईला फोन केला असता, मुलीला सांगितलं असतं. हे कोणाला सांगणार? की माझा नवरा दुसऱ्या बाईजवळ रडला? तेही सायकल चालवता चालवता?

आठवडा गेला. मग त्याला म्हटलं, ग्रुपमध्ये सगळे करून घेतात, तूही एकदा ईसीजी काढून घे. तो दुपारी केंद्रात आला. शर्ट काढला, झोपला. किती बारीक झाला होता. मी जेल लावलं, वायरी लावल्या, नीट बघून लावल्या. मशीन सुरू केलं. अठ्ठावन्न ठोके, सुरेख लय.

"हलू नकोस, बोलू नकोस," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "बाबांनी तुला आईला सांगू नको म्हटलं होतं, ते मला कळलंय."

कागद सरकत होता. ठोक्यांच्या रेघांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. मी मशीन बंद केलं.

"तिनं सांगितलं?"

"तिला वाटलं मला माहीत असेल. मलाच का नाही सांगितलंस?"

तो छताकडे बघत होता. "तुला सांगितलं असतं तर तू लगेच इथे आणून झोपवलं असतंस."

"हो, झोपवलं असतं. माझं कामच आहे ते."

"मला तपासून नव्हतं घ्यायचं. नुसतं सांगायचं होतं."

बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला. त्यानं स्वतःच वायरी काढायला सुरुवात केली, मी त्याचा हात बाजूला केला आणि एकेक करून काढल्या, जेल पुसलं. "ग्राफ बघत होतीस ना माझे?" त्यानं शर्टाची बटणं लावताना विचारलं. मी हो म्हटलं. "तिचेही?" तेही हो म्हटलं. तो जरासा हसला, आणि मला त्याचा राग आला नाही.

आता रविवारी मी त्याची जुनी सायकल घेऊन त्याच्याबरोबर जाते, बदलापुरातल्या कात्रपपर्यंत, फार लांब नाही. पहिल्या दिवशी पट्टा मी बांधला. त्याच्या हळूला माझे एकशे पंचावन्न झाले. एक शब्द फुटत नव्हता, त्यामुळे तोच बोलत होता. आईबद्दल बोलला, फॅक्टरीतल्या नव्या साहेबाबद्दल बोलला, एकदा वडिलांबद्दलही बोलला, थोडंसं. शनिवार अजून तिचाच आहे. तो बदलायला मी सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. ग्राफ मी अजून बघते.

मागच्या महिन्यात ती केंद्रात आली होती, सासूला घेऊन. म्हातारीला दोन दिवस धडधड होत होती. मी ईसीजी काढला. काही नव्हतं, वयाप्रमाणे ठीक. रिपोर्ट डॉक्टर सांगतात, आम्ही सांगायचं नसतं. पण नातेवाईक दारात उभे असतात, त्यांचे चेहरे बघून मी जरा मान हलवते, ठीक आहे अशी. सगळ्यांनाच हलवते.

ती दारात उभी होती. "भाभी, ठीक है ना?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं आणि कागद घडी करून फाइलमध्ये घातला.

डॉक्टर वीस मिनिटांनी येणार होते. काचेतून मला ती दिसत होती, सासूचा हात धरून बसलेली, गुडघा सारखा हलवत. मी दोन पेशंट घेतले. दुसऱ्याला वायरी लावताना लक्ष लागेना. मग त्याला म्हटलं, जरा पडून राहा, आणि बाहेर गेले.

"काही नाहीये," मी तिला सांगितलं. "छान आहे. घाबरू नका."

तिनं माझे दोन्ही हात धरले. ते जेलनं बरबटलेले होते, तरी सोडले नाहीत.