इंदू म्हणाली, “वाढवा”

२०२२ साल. वय माझं चौऱ्याहत्तर. भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आजही मानत नाही. शिक्षण चौथी. कराडला चाळीस वर्षं स्टो रिपेअर केले. लिहिण्यातल्या चुका काढायच्या त्यांनी खुशाल काढा, पण घडलं ते असंच घडलं.

मुलगा सुहास अमेरिकेत, हर्नडनला कॉम्प्युटरमध्ये; आम्ही नवरा-बायको त्याच्याकडेच. लॉकडाऊनमध्ये त्यानं तिथून दीड तासावर, खेड्यात, जुनं फार्महाऊस घेतलं. तळघरात आधीच्या गोऱ्या मालकाचा रॉकेलचा हीटर पडून होता — पत्र्याचा, गोल, उचलायला तारेची कडी. पन्नास-साठ सालात इकडे खेड्यातनं घरोघरी हेच असायचे म्हणे. मी खोलून बघितला. आपला वातीचाच स्टो, फक्त थोराड! नवी वात घातली, घासून लख्ख केला.

माझी बायको इंदू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. अर्धांगवायू. वाचा पूर्ण गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतला बोलायचा भागच मेलाय.

त्या फेब्रुवारीत बर्फाच्या पावसानं तारा तुटल्या. लाइट गेली, घरातलं हीटिंग बंद. सुहास आणि सून ऑफिसात अडकलेले. दुपारचे बारा, आणि इंदूचे हात गारठून लाकूड झालेले. मी हीटर तिच्या खोलीत नेऊन पेटवला.

सुहासचा फोन आला. रेंज फक्त पोर्चवर, म्हणून बाहेर जाऊन घेतला.

“बाबा, तो नका ना लावू! डेंजरस आहे. लावलाच असेल तर खिडकी उघडा, प्लीज.”

“खिडकी उघडून ऊब कुणाला देऊ, हरणांना?”

“आणि अलार्म? परत लावलात का?”

“तुझा भोंगा फोडणीला कोकलतो. काढला तो काढला. आणि स्टो तू मला शिकवतोस होय रे?”

फोन ठेवला. खोलीत आलो, दाराच्या फटीत गोधडी कोंबली.

तासाभरानं मागून आवाज आला, “अहो, वाढवा.”

वळून बघितलं. इंदू माझ्याकडेच बघत होती. ओठ हलले — “वाढवा तो.” स्वच्छ. दोन वर्षांनी!

“थंडी वाजतीय होय गं? थांब.” मी वात वर केली.

“वाढवा हो...”

“आता काय सगळं घर पेटवू तुझ्यासाठी?” हसत हसत आणखी वर केली.

तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं. माझं डोकं जड झालं होतं, तेही मी आनंदावरच घातलं. पोर्चवर येऊन सुहासला फोन लावला. “आई बोलली रे!” एवढंच म्हणालो आणि तिथंच पडलो. बाहेरच्या हवेत पडलो म्हणून वाचलो. सुहासनं तिकडून ९११ ला, म्हणजे अँब्युलन्सवाल्यांना, फोन लावला. ते पोचले तेव्हा इंदू गेलेली होती.

हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजन लावून पडलो असताना डोक्यात उजेड पडला. ‘विझवा’ हा शब्द इंदूच्या तोंडात कधीच नव्हता. अशुभ म्हणायची. देवापुढची समई असो नाहीतर स्टो... “वाढवा” म्हणायची. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, तसं. पन्नास वर्षं रोज ऐकलेलं, आणि दोन वर्षांच्या शांततेत मी विसरलो.

इथला डॉक्टर म्हणतो, बंद खोलीत हीटरचा विषारी गॅस साठला, त्या गॅसनं भास होतात, ती बोलणं शक्यच नाही. असेल. पण माझ्याच डोक्यानं केलेला भास असता, तर तो मला कळेल असं बोलला असता ना? मग बोललं कोण? कळून तरी आता काय...

सुहासला हे कधी सांगितलं नाही. इथं वाचेल तर वाचेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या कॉटशी येऊन बसला. डोळे सुजलेले.

“बाबा, फोनवर म्हणालात आई बोलली. काय बोलली?”

मी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणालो, “तुझं नाव घेतलं.”