अंकलच्या घरची प्रार्थना

वाकोल्यात आमचा प्रार्थनेचा गट दर रविवारी एकेकाच्या घरी जमतो. गट चालवतात शेजारचे अंकल. बायबल वाचून झालं की त्याच घरातली एखादी वस्तू दाखवून ते धडा देतात. आमच्याकडे त्यांनी दारातला चपलांचा ढीग दाखवला होता. "चपला भांडू देत रे. दार एकच हाय ना?"

स्वतःची टर्न ते कायम दुसऱ्याला देत. यंदा आम्हीच हट्टाने त्यांच्या घरी गेलो. अंकलनी खोलीभर नजर फिरवली. एक कप, एक ताट, सगळं जागच्या जागी.

"इथे काय सापडत नाय," ते हळूच म्हणाले. "आज गाणंच म्हणूया."

निघताना माझी मुलगी पाण्याची बाटली तिथेच विसरली. पुढच्या रविवारी, दुसऱ्यांच्या घरी, अंकल त्या बाटलीवरच बोलले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बाटली मात्र त्यांनी आणली नव्हती. आम्हीही मागितली नाही.