बाल्कनीतला निळा ड्रम

गोखिवऱ्यात लोक बाल्कनीत तुळस लावतात. आमच्या बाल्कनीत गटार होतं. म्हणजे मी तसं म्हणायचो. बायको लॅबमधून निवृत्त झाली आणि तिने तिथे झाकणाचा निळा ड्रम मांडला. कारखान्यांच्या गाळ्यांमागच्या नाल्यात रंगाचं लाल पाणी येतं. तिथल्या चिखलात तो रंग खाऊन जगणारे जंतू असतात. ते आणायचे, गुळाच्या पाण्यावर पोसायचे आणि वाढले की परत नाल्यात सोडायचे, हा तिचा उद्योग. "नुसत्या गुळावर ठेवले तर लाडावतात हो," ती म्हणायची, "थोडं लाल पाणीही पाजायला हवं." नाल्यावरून आली की मी दारातच ओरडायचो, "आधी आंघोळ, मग चहा!" ती हसायची.

ती अचानक गेली. त्या रडारडीत, पाहुण्यांच्या गर्दीत मी मात्र आठवणीने ड्रममध्ये गूळ टाकत होतो. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

तिच्या दहाव्याचं उरकून घरी आलो, तर ड्रम उन्हात पालथा. सुतक फिटलं म्हणून माझ्या ताईने घर धुऊन काढलं होतं, साठवलेलं पाणी रीतीप्रमाणे ओतून दिलं होतं आणि वर फिनेल फिरवलं होतं. "किती घाण साचली होती रे!" म्हणाली. बिचारी दमली होती. काय डोंबल बोलणार तिला? बायकोचे जंतू मारलेस, असं? मी बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सगळे आपापल्या गावी गेले. घर इतकं स्वच्छ, की अंगावर यायचं. शेवटी एका सकाळी बादली घेऊन मीच नाल्यात उतरलो. गाळ्यातला एक कामगार वरून म्हणाला, "अंकल, कुछ गिर गया क्या?"

"हां," म्हणालो.

चिखल, गूळ, लाल पाणी. रोज झाकण उघडायचो, रोज आपलं लालच. माझ्या हाताला कुठलं आलंय यश! गूळ किती, ऊन किती, तिला कधी विचारलंच नव्हतं. मग एका रविवारी उघडलं, तर पाणी फिक्या चहासारखं. खात्री करायला कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. खरंच फिकं.

"अगं, उतरला गं रंग!" मी आत बघून ओरडलो.

आत पंखा फिरत होता. हातांना तोच वास येत होता, तिचा, नाल्यावरचा. मी तसाच गॅसपाशी गेलो आणि चहा ठेवला. कोणी अडवलं नाही.