दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय रेकॉर्ड मिळणार नाही

ठिबकच्या नळ्या गुंडाळायचा अण्णांचा हुकूम होता, म्हणून मी मोबाईल काढून बसलो. एका व्हिडिओत कोणीतरी फॉरेनात आम्लेट करत होतं आणि मागं काहीतरी वाजत होतं. जाड तारांचं वाद्य दमादमानं चालतंय, ढोल एक ठोका मुद्दाम उशिरा मारतोय आणि वरून सॅक्सोफोन सगळ्यांची मस्करी करतोय. आम्लेट करपलं तरी मी बघत राहिलो. खाली कमेंटमध्ये कळलं, याला फंकी जॅझ म्हणतात. तीन दिवसांत मी देवगाव रंगारीतला या विषयाचा एकमेव जाणकार झालो. स्पर्धाच नव्हती.

चौथ्या दिवशी ठरवलं, आपण रेकॉर्डचा संग्रह करायचा. मोबाईलवर कोणीबी ऐकतं. रेकॉर्ड वाजवायला लागणारी मशीन आपल्याकडे नाही, हे मला माहीत होतं. पण एवढ्या बारक्या गोष्टींकडं लक्ष दिलं असतं तर बारावीच नसती का झाली?

तर रविवारी पहाटे निघालो. देवगावहून काळीपिवळीनं लासूर स्टेशन. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं हातात अर्धा तास जास्त ठेवा. लासूरहून पॅसेंजरनं तासाभरात संभाजीनगर. खिडकी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दारात कांद्याच्या पोत्यावर बसता येतं, पोतेवाला ओळखीचा असेल तर. स्टेशनसमोर साधे लॉज बरेच आहेत. पैसे द्यायच्या आधी नळाला पाणी येतंय का ते बघा. मी नंतर बघितलं.

जुनापाना माल बघायचा तर जाफर गेटचा रविवार बाजार. मी गेलो रेकॉर्डसाठी आणि पहिल्या तासात घेतली एक टॉर्च, एक बिनकाट्यांचं घड्याळ आणि बकऱ्याच्या गळ्यातली घंटी. आमच्याकडे बकरा नाही. मग एका गाठोड्यात दिसलं ते कव्हर. डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवणारा माणूस. दीडशे रुपये. घासाघीस केली नाही, कारण जाणकार माणूस घासाघीस करत नाही असं माझं मत होतं. विकणारा म्हणाला, वाजवून बघायची तर नवाबपुऱ्यात रऊफचाचाकडं जा, चालू मशीन त्याच्याकडंच.

मध्ये नान-खलिया खाल्ला. तो खाऊनच पुढं जा, यावर वाद नको.

रऊफचाचा हिमरू विणायचे. रेशीम आणि सुताच्या त्या शाली, ज्यांच्यावर वेलबुट्टी मागावरच उठते. खोलीत अर्धा सुटा केलेला हातमाग, कोपऱ्यात चकती फिरवायची मशीन आणि भिंतीला टेकवून शंभरेक रेकॉर्ड. मी माझी रेकॉर्ड ऐटीत दिली. त्यांनी सुई टेकवली. आतून लहान मुलांची बडबडगीतं निघाली. कव्हर एकाचं, चकती दुसऱ्याची. चाचा खोकला येईपर्यंत हसले. त्यांची सून, नसीमभाभी, दारातून म्हणाली, "अच्छी है ना. तुमची इयत्ता यहीच है."

मग त्यांनी स्वतःची एक लावली. आणि अरे देवा, तेच. दमादमानं चालणारी जाड तार, उशिरा पडणारा ठोका. मी विचारलं, कोणाची? चाचा म्हणाले, "ये अंगूर बेल."

माझ्या यादीत असा कोणी कलाकार नव्हता. हळूहळू उलगडलं. चाचांच्या तरुणपणी वेरूळ बघायला केस वाढवलेले गोरे यायचे, शालीच्या बदल्यात रेकॉर्ड देऊन जायचे. इंग्रजी चाचांना येत नव्हतं आणि लेबलं तर कधीच गळून पडलेली, कव्हरंही एकमेकांत मिसळलेली. म्हणून ज्या रेकॉर्डवर जी नक्षी चांगली विणली जाते तेच तिचं नाव. जाड तारेवर मागाची पट्टी पायानं दाबायची, ठोक्यावर आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. बारीक कामाला संथ रेकॉर्ड, साध्या पट्ट्याला पळती. अंगूर बेलला ही, कारण हिच्यात ठोका थांबतो तिथं धागा बदलायला सवड मिळते. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या तीन दिवसांच्या विषयावर शाली विणत होता.

आता माग मोडीत निघाला होता. मुलगा चितेगावच्या कंपनीत, तिथल्या दोन खोल्यांत सगळे राहायला चाललेले. मशीन सोबत जाणार, रेकॉर्डना जागा नाही. सोमवारी संध्याकाळी पुण्याचा एक व्यापारी सगळ्या उचलणार होता. त्याला कव्हरं पाहिजेत, कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर लावायला. चकत्यांचं काय करणार, ते चाचांनी विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नसावी.

त्याच्या आधी कोणी ऐकणारा आला तर त्याला फुकट. अट एकच. दोन्ही बाजू बसून ऐकायच्या. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही.

एवढं सोपं. मी अंगूर बेलपासून सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला मोबाईल वाजला. दुसऱ्यांदा गल्लीत दोन रिक्षावाले भांडायला लागले, ते नुसते बघायला उठलो तर सोडवायला थांबावं लागलं. तिसऱ्यांदा मध्येच म्हणालो, "चाचा, लई भारी." त्यांनी सुई उचलली. संध्याकाळी मी रिकाम्या हातानं लॉजवर. रिकाम्या म्हणजे घंटी होती.

सोमवारी सकाळी लवकर जायचं पक्कं होतं. वाटेत पाणचक्कीला पाच मिनिटं थांबलो, हौदातले मासे बघत. नवाबपुऱ्यात पोचलो तेव्हा एक वाजला होता. चाचांनी माझ्या पुढ्यात चरखा ठेवला, शेजारी सुताची लडी. उरलेलं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळून कांड्या भरून द्यायच्या. नसीमभाभीनं माझ्या हातातला मोबाईल काढून भाकरीच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. चाचांनी सुई टेकवली.

हाताला काम लागलं आणि काय झालं माहीत नाही. चाक फिरतंय, सूत कांडीवर चढतंय आणि तारेच्या चालीवर माझा हात आपोआप चालतोय. चाचा म्हणाले तेव्हा कळलं की बाजू केव्हाच संपलीय, सुई नुसती खरखरतेय आणि मी त्या खरखरीवरच कांडी भरतोय. "अब बैठा," ते भाभीला म्हणाले, जसं काही रंग बसला.

कैरी नावाची रेकॉर्ड झाली. पान झालं. साधा पट्टा झाला. तीन रेकॉर्ड माझ्या मांडीशी. चौथी अंगूर बेल. तिची पहिली बाजू पुरी झाली, दुसरी रंगात आली, सॅक्सोफोन एक लांब सूर घेऊन वर निघाला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

चाचांनी सुई उचलली. व्यापाऱ्याचा माणूस गठ्ठे बांधायला लागला. मी म्हणालो, चाचा, एवढी एक द्या ना, थोडीच राहिली होती.

त्यांनी चकती हिमरूच्या तुकड्यानं पुसली. बराच वेळ पुसत होते. "मियाँ, आधी-अधूरी शाल कोई बेचता क्या? मैंने जिंदगी में नहीं बेची." आणि ती गठ्ठ्यात ठेवली. रविवारचे पाच तास माझ्याकडं फुकट पडून होते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी स्वतःलाच दाखवलं. मोबाईल डब्यात होता म्हणून रेकॉर्डिंग नाही, लेबल तर नव्हतंच. त्या रेकॉर्डचं खरं नाव मला कधीच कळणार नाही. व्यापाऱ्याचा नंबर घ्यायचं सुचलं ते लासूर स्टेशनला उतरल्यावर.

तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगतो, आधी बसा आणि मासे नंतर बघा.

माझा संग्रह आता तीन रेकॉर्डचा आहे, बडबडगीतं धरली तर चार. ट्रंकेवर ठेवल्यात. मशीन चितेगावला आहे. पैठण रोडनं बस जाते आणि चाचांनी, आलास तर कांड्या नाहीत, भाज्या निवडाव्या लागतील, असं सांगून ठेवलंय.

परवा ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या. अण्णा बांधावर उभे राहून बघत होते. न उठता, न बोलता सलग काम करताना त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "बरं वाटंना का तुला?" व्हय म्हणालो. हात अंगूर बेलवर चालला होता. पहिली बाजू पूर्ण येते मला, दुसरी अर्धी. तो लांब सूर वर निघतो, तिथं माझा हात थांबतो आणि नळी निसटून परत उलगडते.