भोवत्या कुठे झोपतो?

"उद्या सकाळी जेसीबी येतोय, मॅडम. काय दाखवायचं ते आजच दाखवा," वनखात्याचे साहेब जीपमधून उतरत म्हणाले.

मोडनिंबजवळच्या माळावर झाडं लावायची ठरली होती. रोपांचा ट्रक येऊन उभा होता. आणि माझा सगळ्यात मोठा रूस्ट नेमका त्याच माळावर.

मी शिकारी पक्ष्यांची गणना करते. पावसाळा सरला की हिमालयापलीकडून भोवत्या येतात. घारीपेक्षा सडपातळ पक्षी. दिवसभर माळावर टोळ, उंदीर मारतात आणि संध्याकाळी सगळे एका जागी झोपायला जमतात. ती जागा म्हणजे रूस्ट. तिथं उतरणारा एकेक पक्षी मोजायचा, ही आमची गणना.

"झाडं लावली तर पक्षी वाढतीलच की," साहेब म्हणाले. "झोपायला फांद्या नकोत?"

"हा जमिनीवर झोपतो, साहेब. गवतात."

म्हैस झाडावर झोपते असं मी म्हटल्यासारखे ते हसले. माणूस वाईट नव्हता. पण माळ म्हणजे पडीक आणि झाड म्हणजे पुण्य, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की माझे दोन रिपोर्ट म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आम्ही टेपाडाच्या अलीकडे बसलो. समोर कुसळीचं गवत, आठवड्यापूर्वी मी पक्षी उतरताना पाहिले होते तेच. शेजारच्या शेतात मात्र आता मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे शेतकरी धनगराला बोलावून कळप रानात मुक्कामाला ठेवतात, लेंडीखत आयतं पडतं. कळपाचे मालक सिदूतात्या चहा घेऊन आले. साहेबांनी शेळीच्या दुधाचा चहा दोनदा मागून घेतला.

सूर्य बुडाला. एकही भोवत्या नाही. तात्यांची कुत्री तेवढी भुंकत होती.

"तात्या, कळप कधी बसवला?"

"परवा की. कुत्री लई वंगाळ हायती, गप बसत न्हाईत."

कुत्र्यांपायी पक्ष्यांनी जागा बदलली असणार. पण कुठं? साहेबांना मीच आग्रहानं आणलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रडू येईल असं वाटलं, म्हणून दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही.

"तुमचे पाहुणे काही आले नाहीत, मॅडम," साहेब उठले. "मी जरा पलीकडे जाऊन येतो. चहा जास्त झाला."

ते टेपाडाआड गेले आणि पाठोपाठ ओरडणं ऐकू आलं. साहेब मूळचे वेळापूरचे. ऑफिसात शुद्ध बोलायचे, घाबरले की गावचं.

"आगं आयाया! मॅडम, पळा! पायातनं उडालं की वो हे!"

मी धावले. पलीकडच्या उतारावर साहेब गुडघाभर गवतात पुतळा होऊन उभे, आणि डोक्यावर भोवत्याच भोवत्या घिरट्या घालत होते. मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. आम्ही खाली बसलो. थोड्या वेळानं पक्षी परत गवतात उतरू लागले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

उडालेले पक्षी मोजायचे नसतात, दोनदा मोजले जातात. उतरणारे मोजायचे. मी कुजबुजत मोजत होते, साहेब बोटांवर.

"बावीस... तेवीस... मॅडम, त्यो कडंचा धरला का?"

"धरला, साहेब."

"खरंच भुईवर झोपत्यात की वो!"

जीपकडे जाताना त्यांनी फोन लावला. "उद्या मशीन आणू नको. माळावर न्हाई लावायची झाडं." रोपं पुढं कालव्याकडेला लागली आणि चांगली जगलीही.

तिसरा रिपोर्ट मी लिहिला, पण तो कुणी उघडला असेल असं वाटत नाही. आता कुठल्याही साहेबांना माळावर नेताना एखादवेळी दुर्बीण घरी राहते. चहाचा थर्मास मात्र मी विसरत नाही.